'बरा झाला की बघू' म्हणजे नेमकं कधी?

ताई, तुमच्या भावाला कोर्टाने खटल्याला तोंड द्यायला असमर्थ ठरवून मनोरुग्णालयात पाठवलं. तीन वर्षं झाली, विचारायला गेलं की 'बरा झाला की बघू'. त्याला आता काही हक्क आहेत का, असं तुम्ही विचारलंय.

आहेत. पण आधी ज्या आदेशाने तो तिथे गेला, त्याची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि त्यात कलम कोणतं लिहिलंय ते बघा. खटल्याआधीच अडकलेला, मनोविकाराच्या कारणावरून निर्दोष ठरून सुरक्षित ताब्यात गेलेला आणि शिक्षा भोगताना आजारी पडलेला, तिघांच्या खाटा एकाच वॉर्डात असू शकतात. सुटकेचे रस्ते मात्र वेगळे.

भावाला लागू पडेल ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६९, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) ३३०. भरती ठेवूनच उपचार करण्याची गरज नसेल आणि नातेवाइकाने नियमित बाह्यरुग्ण उपचारांची, शिवाय तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही याची हमी घेतली, तर गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन देता येतो. 'पूर्ण बरा' ही अटच नाही त्यात! अडतं ते बहुतेकदा हमी घ्यायला घरचं कोणी येत नाही म्हणून.

आसामच्या मचल लालुंगचं प्रकरण वकिलांना आठवत असेल. १९५१ मध्ये अटक, मग तेजपूरचं मनोरुग्णालय. १९६७ मध्ये तो बरा असल्याचं डॉक्टरांनी कळवलं, तर त्याला गुवाहाटीच्या तुरुंगात धाडलं. सुटला २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. खटला चाललाच नव्हता. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधलं जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण कागदावर शाबूत होतं तेव्हाही.

विधी साहाय्याच्या कामात मी रुग्णालयाचा असा एक दाखला स्वतः पाहिलाय. 'खटल्यास समर्थ' असं लिहिलेला, पिवळा पडलेला, कारकुनाच्या फायलीत टाचणीने अडकवलेला. कोर्टाची इमारत बदलली होती, टपाल परत आलं, पुन्हा कोणी पाठवलं नाही. म्हणून रुग्णालयाचा अहवाल कोर्टात पोचला का, हे रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या तारीखवार नोंदींत, स्वतः तपासा. तोंडी 'पाठवलाय'वर विसंबू नका.

आत असतानाचे हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात आहेत: साखळदंडाने बांधायला सक्त मनाई, उपचारांच्या नोंदी मागता येतात, पत्र-फोन-भेट. तक्रार याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे.

वकिलाच्या फीची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मनोरुग्णालयातल्या ताब्याचा वेगळा उल्लेख आहे, उत्पन्नाचा दाखला न लागता वकील मिळतो. जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज द्या, पोच घ्या.

नक्कल हाती आली की कलम इथे कळवा. भावाचं नाव, खटल्याचा क्रमांक नको.