वर्धीतून (शाळेच्या रिक्षा-व्हॅनमधून) उतरल्यावर मूल कोणाकडे?

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. शाळा दुपारची, 12 ते 5. मी अलकापुरीत नोकरी करते, हे मकरपुरा जीआयडीसीत. साडेनऊला घर सोडतो ते सातला परततो. जवळच एक बाई शाळेआधी आणि शाळेनंतर मुलं सांभाळतात. काय पाहून ठरवावं? की ऑफिसच्या पाळणाघरात सोय होईल?
– एक आई, मांजलपूर, बडोदा

उत्तर : ऑफिसच्या पाळणाघरावर विसंबू नका. 2017 च्या कायदादुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी ते बंधनकारक झालं, पण केंद्राच्या मार्गदर्शक सूचना 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलांपुरत्याच आहेत.

बाईंकडे गेलात की खेळणी आणि रंगवलेल्या भिंती नंतर बघा. आधी विचारा, साडेअकराला मुलाला वर्धीत कोण बसवतं आणि सव्वापाचला उतरवून कोण घेतं? घोळ होतो तो इथेच. वर्धीवाले काका गल्लीच्या तोंडाशी सोडून जातात, बाईंना वाटतं आज आला नसेल, आणि तुम्हाला सातपर्यंत पत्ताच नसतो. म्हणून दाराशी एक वही टांगायला सांगा : नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, नेणाऱ्याची सही. ठरल्या वेळेनंतर 10 मिनिटांत मूल आलं नाही तर बाईंनी आधी काकांना, लगेच तुम्हाला फोन करायचा. मात्र मुलगा आजारी म्हणून घरी राहिला तर सकाळीच दोघांना कळवणं तुमचं काम. ते तुम्ही दोन-तीनदा विसरलात की बाईही फोन करेनाशा होतात. न्यायला येणाऱ्या तिघांची नावं लिहून द्या. चौथं कोणी आलं, अगदी सख्खा मामा असला तरी, तुमच्याशी बोलल्याशिवाय सोडायचं नाही.

पावसाळ्याचं आधीच ठरवा. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी कशी चढली होती ते आठवा. शाळा मध्येच सुटली तर बाई दीड वाजता दार उघडतील का? दिवाळीची 21 आणि उन्हाळ्याची 35 दिवसांची सुट्टी असते, तेव्हा दिवसभर ठेवतात का आणि किती पैसे घेतात, तेही विचारून घ्या.

सकाळी डब्यात भरलेले पोहे संध्याकाळी देऊ नका, उकाड्यात ते आंबतात. थेपला, गूळ-शेंगदाणे, केळं चालेल. खाऊन अर्धा तास हुंदडू द्या, मग गृहपाठ. तिसरीला अर्धा तास पुष्कळ झाला. बाईंनी शेजारी बसावं, उत्तरं सांगू नयेत. नाहीतर वहीत सगळं बरोबर दिसतं आणि त्याला काय येत नाही ते तुम्हाला कळतच नाही.

त्या वेळात घरात आणखी कोण कोण असतं, हे संकोच न करता विचारा. बंद दाराआड एक मूल आणि एक मोठं माणूस, असं कधीही नको, शिकवणीच्या नावाखालीही नको. अधूनमधून न सांगता लवकर जा. दारातच थोपवलं तर तिथे मूल ठेवू नका. तुमचा नंबर आणि 1098 ही बालकांची हेल्पलाइन, दोन्ही त्याला पाठ हवेत.

प्रश्न : अकरा वर्षांची मुलगी संध्याकाळी साडेपाच ते सात घरी एकटी राहिली तर चालेल का?

उत्तर : एकदम दीड तास नको. पहिला आठवडा 15 मिनिटं, तेही तुम्ही खाली सोसायटीत असताना. गॅस रेग्युलेटरवरूनच बंद करून जा. शेजारच्या दोघांचे नंबर कागदावर लिहून दारामागे चिकटवा. पार्सलवाला आला तर दार न उघडता ‘बाहेर ठेवा’ एवढंच म्हणायचं. घरात कोणी नाही हे सांगायचं नाही. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारतं. उन्हाळ्यात धीट वाटणारी मुलगी तेव्हा घाबरू शकते, त्या दोन महिन्यांत तिला शेजारी बसू द्या.