आरजीबी पट्टी, निऑन टेट्रा आणि वॅलिस्नेरिया

तुमचा प्रश्न असा: माशांच्या दोन फुटी टाकीवर रिमोटवाली रंग बदलणारी आरजीबी (लाल, हिरवा, निळा) एलईडी पट्टी बसवली आहे, आत निऑन टेट्रा मासे आणि अनुबियास, वॅलिस्नेरिया ही पाण्यातली झाडं आहेत, तर माशांना त्रास होईल का आणि झाडं जगतील का?

रंगांमुळे मासे आजारी पडत नाहीत. त्रास होतो तो उजेड अचानक बदलण्याचा. माशांना पापण्या नसतात, डोळे मिटायची सोय नाही. त्यामुळे रिमोटवरचं फ्लॅश आणि स्ट्रोब हे बटण नाहीच असं समजा. पाहुणे आले की मुलं नेमकं तेच दाबतात आणि निऑन काचेवर धडकायला लागतात. हळूहळू रंग बदलणारा फेड मोड संध्याकाळी थोडा वेळ चालेल, पण तो तुमच्या हौसेसाठी, माशांना त्याचा काडीचाही उपयोग नाही.

निऑनवर वेगवेगळे रंग टाकून बघा, गंमत कळेल. त्याचा निळा पट्टा रंगद्रव्याचा नसतो, कातडीतल्या बारीक स्फटिकांवरून उजेड परावर्तित होऊन तो चमकतो. लाल भाग मात्र खऱ्या रंगद्रव्याचा. नुसता निळा उजेड टाकला की पट्टा झगमगतो आणि लाल भाग काळपट दिसतो. बरेच जण हे बघून मासा आजारी पडला म्हणून घाबरतात आणि औषध ओततात! आधी पांढऱ्या उजेडात बघा. आणि सकाळी दिवा लागल्या लागल्या मासे फिके दिसले तरी घाबरू नका. रात्री त्यांचा रंग उतरतोच, थोड्या वेळात परत चढतो.

आता झाडं. हरितद्रव्य प्रामुख्याने निळा आणि लाल उजेड शोषतं, म्हणून आरजीबी अगदीच कुचकामी नाही. पण पट्टी नुसत्या लालवर किंवा निळ्यावर ठेवली की तीन रंगांपैकी एकाच रंगाची चिप (बारीक दिवा) पेटते, म्हणजे उजेडच कमी पडतो. तिन्ही मिळून जो पांढरा होतो त्यात मधले रंग तुटपुंजे असतात, म्हणून त्या उजेडात ड्रिफ्टवुड (टाकीत ठेवलेलं लाकूड) आणि पिवळे मासे निस्तेज वाटतात. पट्टी अजून बदलून मिळत असेल तर वेगळी पांढरी चिप असलेली आरजीबीडब्ल्यू घ्या, नाहीतर जोडीला ६५०० केल्विनची (दिवसाच्या उजेडासारखी) साधी पांढरी पट्टी लावा. अनुबियास कमी उजेडातही तग धरतं, वॅलिस्नेरियाला मात्र जरा जास्त लागतो.

दिवसाला ६ ते ८ तास पुरे. त्यापुढे झाडांपेक्षा शेवाळाचीच चंगळ होते. रात्री पूर्ण अंधार हवा, मंद निळा ‘चंद्रप्रकाश’सुद्धा रात्रभर नको.

टाइमर घेण्याआधी एक करा. पट्टी पांढऱ्यावर ठेवून प्लग काढा, मिनिटभराने परत लावा. पट्टी आपोआप त्याच रंगात पेटली तर साधा टाइमर चालेल. बरेच स्वस्त कंट्रोलर वीज गेली की सगळं विसरतात, मग रोज सकाळी रिमोट दाबत बसावं लागतं. काही तर थेट रंग बदलण्याच्या मोडमध्येच सुरू होतात.

पट्टीवर आयपी (धूळ-पाण्यापासून किती बचाव आहे ते सांगणारा आकडा) किती लिहिलंय ते तुम्ही सांगितलेलं नाही. आयपी २० असेल तर ती टाकीवरून आजच उतरवा, ती कोरड्या जागेसाठी असते. झाकणाखाली वाफ धरते आणि थेंब उडतात, तिथे निदान आयपी ६५ हवी. पाण्यात बुडवायची असेल तर आयपी ६८. वायरचे जोड आणि कंट्रोलर वेगळे, ते सहसा उघडेच असतात, त्यांना टाकीपासून लांब ठेवा. अॅडॉप्टरकडे जाणारी वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता झोळातूनच खाली टपकेल.

उजेड बदलल्यावर वॅलिस्नेरियाची जुनी पानं काही दिवस विरघळू शकतात. मधून नवं कोवळं पान येत असेल तर झाड ठीक आहे. जुनी पानं विरघळत असतील तोवर खत वाढवू नका.