खानापूरहून थायलंडला इंग्रजी शिकवायला जाताना

मराठी माध्यमातून दहावी आणि पुढे बी.ए., बी.एड. झालेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या मुलीला थायलंडच्या शाळेत इंग्रजी शिकवता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. येईल. मी निपाणीची आहे, थायलंडमध्ये सहा वर्षे शिकवते आहे आणि माझ्या शालेय माध्यमाची चौकशी आजवर कोणी केलेली नाही. पाहतात ते पदवी, पोलिसांचा दाखला आणि, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या बाबतीत, टोइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेतले गुण, जे बहुधा 600 तरी मागतात. जपानमध्ये मात्र बारा वर्षांचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेले असावे, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते.

कागदपत्रे आधी तपासा. 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावचे सरकारी नाव बदलून बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या दाखल्यावर एक स्पेलिंग आणि पासपोर्टवर दुसरे, असे आपल्याकडे सर्रास आढळते. माझ्या गुणपत्रिकेवर आडनावाऐवजी नुसते आद्याक्षर होते. त्या एका अक्षरापायी माझे दोन महिने गेले. ‘आधी पर्यटक व्हिसावर या, वर्क परमिटचे मागाहून पाहू’ असे सांगणाऱ्या एजंटला स्पष्ट नकार द्या, कारण शिकवण्यासाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा आणि वर्क परमिट दोन्ही लागतात. ब्रिटिश किंवा अमेरिकी पासपोर्टधारकाला त्याच कामाचा अधिक पगार देणाऱ्या शाळा आहेत. हा अन्याय आहे आणि तो मला आजही खुपतो.

पैसे जमत असतील तर सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करा. त्यात किमान 120 तासांचे प्रशिक्षण असते आणि त्यापैकी सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभे राहून शिकवावे लागते.

व्याकरणात तुम्ही कमी पडणार नाही. खरी तयारी उच्चारांची हवी. पहिल्याच आठवड्यात मी पेन उंचावून ‘पेन’ म्हटले आणि चौथीची मुले गोंधळून एकमेकांकडे पाहू लागली. आपला ‘प’ श्वास न सोडता येतो, इंग्रजीत शब्दारंभीचा ‘पी’ मात्र ‘फ’कडे झुकतो, थाई भाषेत हे दोन वेगळे वर्ण आहेत आणि आपण म्हणतो तसा ‘पेन’ म्हणजे त्यांच्या भाषेत ‘असणे’. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांतला फरक तर त्यांना अवघड जातो तसा आपल्यालाही जातो, कारण आपल्याकडे दोन्हींसाठी एकच ‘व’ आहे.

तिथले शालेय वर्ष मेच्या मध्यात सुरू होते, त्यामुळे अर्ज जानेवारीपासून पाठवू लागा. तोवर रोज ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरून ‘पेन’, ‘पार्क’, ‘पेपर’ म्हणा. शब्दाच्या आरंभी पट्टी हलली पाहिजे.