'पॅकर्स' म्हणजे सामान बांधणारे नव्हेत

एका वाचकांचा भाचा शिकायला अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेला आहे आणि तिथल्या 'ग्रीन बे पॅकर्स' या अमेरिकन फुटबॉल संघाचा भक्त झाला आहे. त्यांचा प्रश्न असा : हे 'पॅकर्स' घर बदलताना आपण बोलावतो ते 'पॅकर्स अँड मूव्हर्स'वालेच का? आणि मराठीत 'पॅकर्स जिंकला' म्हणावं की 'जिंकले'?

सामान बांधणाऱ्यांशी या नावाचा संबंध नाही. इथला पॅकर मांसाच्या धंद्यातला आहे. बर्फावर मांस टिकवण्याची सोय नव्हती तेव्हा अमेरिकेत डुकराचं मांस मिठात खारवून लाकडी पिंपांत ठासून भरत. हे ठासून भरणं म्हणजे पॅकिंग आणि तो धंदा करणारा पॅकर. ओहायो नदीकाठच्या सिनसिनाटीत हा धंदा इतका फोफावला, की लोक त्या शहराला 'पोर्कोपोलिस' म्हणजे डुकरांची नगरी म्हणू लागले. पुढे पिंपं गेली, रेल्वेच्या बर्फ भरलेल्या वाघिणी आणि पत्र्याचे डबे आले, पण शब्द काही हलला नाही. जनावर कापण्यापासून मांस डबाबंद करण्यापर्यंतच्या सगळ्या कामाला 'मीट पॅकिंग'च म्हणत राहिले. आपली 'शाई' पाहा ना. फारसीतली 'स्याही' म्हणजे काळेपणा, तरी आपण निळी शाई, लाल शाई बिनदिक्कत म्हणतो.

ग्रीन बे हे मिशिगन सरोवराच्या एका फाट्याच्या टोकाशी वसलेलं गाव. तिथल्या 'इंडियन पॅकिंग कंपनी'त कर्ली लॅम्बो नावाचा तरुण माल रवाना करण्याच्या खात्यात कारकून होता. 1919 च्या ऑगस्टमध्ये त्याने आणि जॉर्ज कॅलहून या पत्रकाराने स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीत पोरं जमवून संघ उभा केला. जर्सी आणि साहित्यासाठी लॅम्बोच्या कंपनीने 500 डॉलर दिले, म्हणून संघ 'पॅकर्स'. (कंपनीच्या नावातलं 'इंडियन' वाचून हुरळून जाऊ नये. ते अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांबद्दल आहे, आपल्याबद्दल नाही.) 1921 मध्ये ही कंपनी 'ॲक्मे पॅकिंग'ने घेतली आणि त्याच वर्षी संघ व्यावसायिक लीगमध्ये दाखल झाला. त्या लीगला 1922 पासून एनएफएल (नॅशनल फुटबॉल लीग) म्हणतात.

मला या नावाचं खरं अप्रूप वाटतं ते इथून पुढे. कंपनीचा आधार दोन-तीन वर्षांतच सुटला. संघावर पैशांची तंगी आली, तेव्हा 1923 मध्ये गावकऱ्यांनी पाच-पाच डॉलरचे शेअर घेऊन तो तगवला. त्यानंतरही अनेकदा शेअर काढले गेले. आज पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत आणि गावाची वस्ती मात्र लाखाच्या थोडी वर. या शेअरवर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकताही येत नाही. तरी लोक तो चौकटीत लावून भिंतीवर टांगतात. ज्या कंपनीचं नाव घेतलं ती गेली आणि नाव गावाचं झालं. पिट्सबर्गच्या 'स्टीलर्स' या संघाच्या नावामध्येही शहराचा पोलादाचा धंदा बोलतो, पण तिथे नाव एकूण धंद्यावरून पडलं, इथे एका विशिष्ट कारखान्यावरून.

आता वापराबद्दल. नावाचं भाषांतर करू नये. 'ग्रीन बेचे मांसवाले' म्हटलं तर संघ ओळखू येणार नाही आणि शब्दातलं खारवणं-भरणंही त्यात येत नाही. 'पॅकर्स' हे इंग्रजीत मुळातच अनेकवचन आहे, शिवाय डोळ्यांसमोर माणसं येतात, म्हणून 'पॅकर्स जिंकले' हेच कानाला बरं लागतं. 'संघ' शब्द जोडलात तर अर्थातच 'पॅकर्स संघ जिंकला'. विभक्ती लावताना 'पॅकर्सने'ही छापलेलं दिसतं, पण मी 'पॅकर्सनी' लिहीन : 'पहिले दोन्ही सुपर बोल पॅकर्सनी जिंकले.' (सुपर बोल म्हणजे या खेळातला हंगामाअखेरचा अजिंक्यपदाचा सामना. वाक्य खरं आहे, 1967 आणि 1968 च्या जानेवारीतले ते सामने.) एकट्या खेळाडूला मात्र 'पॅकर' म्हणावं. 'तो पॅकर्स आहे' असं भाच्याने लिहिलं, तर त्याला तेवढं सांगा.