आतोचाचं नाणं : दागिना की गुंतवणूक?

प्रश्न : आम्ही फ्लोरिडात राहतो. 'की वेस्ट' बेटावरच्या एका दुकानात 1622 साली बुडालेल्या 'आतोचा' या स्पॅनिश जहाजातलं आठ रियालचं चांदीचं नाणं सोन्याच्या कोंदणात बसवलेलं पाहिलं. पेंडंटची किंमत 2,600 डॉलर. मुलीसाठी गुंतवणूक म्हणून घ्यावं का? पैसे आपत्कालीन निधीतून काढावे लागतील.

उत्तर : आपत्कालीन निधीतून असेल, तर नाही. पण वस्तू मोहात पाडणारी आहे, म्हणून हिशेबही मांडू.

आठ रियालचं अख्खं नाणं साधारण 27 ग्रॅमचं, त्यात चांदी 93 टक्के. शुद्ध चांदी जेमतेम 25 ग्रॅम. समजा औंसाला (चांदीचा औंस 31.1 ग्रॅमचा) 40 डॉलर धरले, तर 32 डॉलरची. खाऱ्या पाण्याने बऱ्याच नाण्यांचं वजन घटलंय, ते वेगळंच. कोंदणाच्या सोन्याचं वजन विचारा, त्याची किंमत तुम्हीच काढू शकाल. उरलेले पैसे जातात ते जहाज बुडवणाऱ्या चक्रीवादळाच्या आणि 1985 साली मुख्य खजिना सापडेपर्यंत खजिनाशोधक मेल फिशरने केलेल्या सोळा वर्षांच्या शोधाच्या गोष्टीला. आईची पुतळ्यांची माळ कुठल्याही सराफाकडे न्या, घट कापून वजनावर पैसे देईल. या पेंडंटला मात्र गोष्टीची किंमत मोजणारं गिऱ्हाईक शोधावं लागेल.

त्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न प्रमाणपत्राचा. त्यावर नाण्याचा क्रमांक, वजन, टांकसाळ (बहुतेक आजच्या बोलिव्हियातली पोटोसी) आणि 1 ते 4 पैकी दर्जा (1 सर्वांत चांगला) लिहिलेला हवा. 'आतोचाच्या चांदीचं' एवढंच म्हणत असतील तर सावध व्हा. जहाजावरच्या चांदीच्या विटा वितळवून पाडलेल्या प्रतिकृतीही विकल्या जातात. त्या खोट्या नाहीत, पण ते नाणंही नव्हे.

कोंदण भिंगातून बघा. ही नाणी हातोड्याने पाडलेली, वेडीवाकडी, त्यामुळे कोंदण नाण्याबरहुकूम घडवावं लागतं. नुसतं धरून ठेवलं असेल तर ठीक. नाण्याला भोक पाडलंय किंवा ते कोंदणाला झाळून जोडलंय, तर संग्राहक हात लावत नाहीत.

दुकानदार मूल्यांकनाचा कागद दाखवेल. तो आकडा विम्यासाठीचा, नवं घ्यायला किती लागतील हे सांगणारा. "आज तुम्हीच परत घ्याल का, कितीला?" हे लेखी मागा. उत्तर ऐकून मला वाटतं तुमचा निम्मा मोह ओसरेल.

नफा झालाच, तर वर्षभरानंतर विकूनही संग्राह्य वस्तूंवर केंद्रीय कर 28 टक्क्यांपर्यंत लागतो. शेअर्सना ही मर्यादा 20 टक्के.

हौस म्हणून घ्यायचं असेल तर सहलीच्या किंवा सणाच्या बजेटमधून खुशाल घ्या, आणि घराच्या विम्यात त्याची स्वतंत्र नोंद करा. साध्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीची भरपाई बरेचदा 1,500 डॉलरच्या आसपासच थांबते.