आधी कागद, मग तालीम

अगं,

तुझा मेसेज वाचल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. गाण्याच्या सुरुवातीची पियानोची सुरावट तुझी, हे बँडमधल्या सगळ्यांना ठाऊक. तरी संगीतकार म्हणून नाव एकट्या गायकाचं. आणि तू विचारतेस, ‘बोलले तर बँड फुटेल का?’ फुटला तर फुटू दे. आधी कागद, म्हणजे कोणाचा किती वाटा ते लिहून सह्या.

प्रोकोल हारम या ब्रिटिश रॉक बँडचा मॅथ्यू फिशर घे. १९६७ च्या ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’मधला हॅमंड ऑर्गन त्याचा. गायकाने तोंड उघडायच्या आत गाणं ओळखू येतं ते त्या ऑर्गनमुळे. श्रेयात नावं मात्र गायक गॅरी ब्रूकर आणि गीतकार कीथ रीड यांची. फिशरने दावा लावला २००५ साली. २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या सर्वोच्च न्यायपीठाने, संगीतातला ४० टक्के हिस्सा त्याचा मानला, पण पैसे दाव्यापासून पुढचेच. आधीच्या ३८ वर्षांची रॉयल्टी बुडाली ती बुडालीच.

अ‍ॅनिमल्सचं तर आठवलं तरी जीव जळतो. या ब्रिटिश बँडचं ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’, १९६४. गाणं पारंपरिक, म्हणून हक्क फक्त अरेंजमेंटचा, म्हणजे वाद्यांच्या मांडणीचा. हिल्टन व्हॅलेंटाइनने गिटारवर छेडलेले ते सुटे सुटे स्वर आजही शिकाऊ पोरं गिरवतात. रेकॉर्डच्या लेबलवर नाव एकट्या कीबोर्डवादक अ‍ॅलन प्राइसचं! बँडचा गायक एरिक बर्डन सांगतो, पाच नावं लेबलवर मावत नव्हती म्हणून. पुढच्याच वर्षी प्राइस बँड सोडून गेला. रॉयल्टी त्याचीच राहिली.

सारखे वाटे हवेत? खुशाल करा. डोअर्स या अमेरिकन बँडच्या पहिल्या अल्बमवर स्वतःच्या गाण्यांखाली त्यांनी बँडचंच नाव घातलं, ‘लाइट माय फायर’ मुळात त्यांच्या गिटारवादक रॉबी क्रीगरचं असूनही. पण तेही आधी ठरवून लिहा.

मला लोक हिशेबी म्हणतात. म्हणू देत. कागदावर सही झाल्याशिवाय मी गिटार केसमधून काढत नाही. त्यापायी कामं गेली, एक जिवाभावाचा मित्र दुरावला. त्याची आठवण येते, फार येते. तरी उद्या तोच प्रसंग आला तर मी कागदच पुढे करीन. ‘विश्वास नाही का?’ म्हणून रुसणाऱ्याला सही करायला जड का जावं, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

गाण्याचं नाव, तारीख, कोणी काय केलं, किती टक्के, सगळ्यांच्या सह्या. एक पान पुरतं. आयपीआरएसकडे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे, गाणं नोंदवताना हेच टक्के लागतात. रविवारच्या तालमीत कीबोर्डला वायर जोडायच्या आधी ते पान गायकापुढे ठेव. आवाज चढवला तर तिथूनच फोन लाव मला, मी बोलतो त्याच्याशी.