2019चं मॉडेल आणि 2021चं पाणी

प्रश्न : सासूबाईंना दाखवायला विट्याहून सांगलीला महिन्यातून दोन-तीन खेपा होतात, म्हणून जुनी वॅगनआर बघतोय. एजंटने एक दाखवली. 1 लिटरचं पेट्रोल इंजिन, व्हीएक्सआय, पहिलाच मालक, 46 हजार किलोमीटर, एमएच 08 पासिंग. आरसीवर उत्पादनाचा महिना सप्टेंबर 2019 आहे. इकडच्या तसल्याच गाड्यांपेक्षा तीसेक हजारांनी स्वस्त देतोय. पण दीर म्हणतात, "2019 नको, त्या साली कंपनीनं गाड्या माघारी बोलावल्या होत्या." काय करावं?
– एक वाचक भगिनी, विटा

उत्तर : ताई, तुमचे दीर बरोबर बोलतायत, पण अर्धंच. ही नव्या अंगाची वॅगनआर जानेवारी 2019मध्ये बाजारात आली. नव्या मॉडेलचा पहिल्या वर्षाचा माल मी स्वतःसाठी घेत नाही. गाडीच्या खोड्या कारखान्यात कमी आणि रस्त्यावर जास्त कळतात, हे तीस वर्षं बोनेटमध्ये डोकं घालून शिकलोय.

तरी साल बघून गाडी बाद करू नका, महिना बघा. ऑगस्ट 2019मध्ये पेट्रोलच्या होज पाइपसाठी गाड्या बोलावल्या, त्या 15 नोव्हेंबर 2018 ते 12 ऑगस्ट 2019मध्ये बनलेल्या. तुमची त्यातून सुटली. जुलै 2020मध्ये फ्युएल पंपासाठी बोलावल्या, त्या 15 ऑक्टोबर 2019पर्यंतच्या. त्यात तुमची बसते. मग मार्च 2024मध्ये पंपाच्या मोटरसाठी आणखी 4,190 वॅगनआर बोलावल्या, 30 जुलै ते 1 नोव्हेंबर 2019मधल्या. त्यातही बसू शकते. पंप गेला की गाडी चालता चालता बंद पडते, नाहीतर सकाळी स्टार्टच होत नाही. दवाखान्याच्या वाटेवर हे नको.

आरसीवरचा चॅसी नंबर, एमए3ने सुरू होणारा, मारुतीच्या वेबसाइटवर टाका. तुमची गाडी त्या यादीत आहे की नाही ते कळेल. काम झालंय का ते अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारा. राहिलं असेल तर फुकट करून देतात, मालक कितवा का असेना. पंप बदललेली 2019ची गाडी मी बिनधास्त घेईन.

मला खटकलं ते एमएच 08. रत्नागिरी जिल्ह्याची गाडी, आणि ती तीस हजारांनी स्वस्त! 22 जुलै 2021ला चिपळूण बुडालं तेव्हा ही गाडी पावणेदोन वर्षांची होती. तेव्हा ती कुठं उभी होती, हे एजंटला विचारलंत का?

त्याच वर्षी दिवाळीत एक गिऱ्हाईक नुकतीच घेतलेली जुनी गाडी दाखवायला आलं. आत शाम्पू, अत्तर, सीटवर नवं कव्हर. मी ड्रायव्हरचा बेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. शेवटचं वीतभर चहात बुडवल्यासारखं निघालं. सीटच्या रुळाचा बोल्ट खोलला तर आट्यांत तांबडी माती. आमच्या कृष्णेचा गाळ काळा, त्यामुळे गाडी घाटाखालची, हे बोल्टनंच सांगितलं. इंजिन झकास चालत होतं. चार महिन्यांनी वायरिंगच्या जोडांना हिरवा गंज धरला. आधी काचा, मग मीटर, मग स्टार्टिंगचीच बोंब. सगळं वायरिंग काढायची वेळ आली, आणि एजंटचा फोन काही लागेना.

म्हणून चारही बेल्ट शेवटपर्यंत ओढा. डिकीत स्टेपनी उचला, खालच्या खड्ड्यात गाळाची रेघ दिसते का ते बघा. पुढच्या चटईखालचा गालिचा उचलून हात फिरवा. मग विम्याचे जुने कागद मागा. पहिल्याच मालकाची गाडी, म्हणजे क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, साधारण 20, 25, 35 टक्के असा वर चढलेला हवा. 2021च्या दिवाळीच्या आसपासच्या पॉलिसीत तो शून्यावर आला असेल, तर क्लेम कशाचा ते विचारा. बंपरचा असेल तर हरकत नाही. कागदच नाहीत म्हणाला, तर चहा पिऊन घरी या.

आणखी एक. त्या साली व्हीएक्सआयला शेजारच्या सीटची एअरबॅग ऑप्शनल होती. सासूबाई पुढं बसत असतील तर डॅशबोर्डवर एअरबॅगचं नाव कोरलेलं आहे का बघा. माझ्या मते तीस हजारांपेक्षा ती बॅग महत्त्वाची. डिसेंबर 2021नंतर बनलेल्या गाड्यांत दोन्ही असतातच, बजेट ताणता आलं तर तिकडे बघा.

हे सगळं जमलं तर गाडी नावावर करायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म सह्या करून घ्या, आणि कर्ज असेल तर ते फिटल्याच्या 35 नंबरच्या फॉर्मवर बँकेची सही हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे सोडू नका. बेल्टाचं टोक कसं निघालं ते मात्र मला कळवा.